काचेतून काच-सिरॅमिक: डीएससीच्या आलेखापासून भट्टीच्या वेळापत्रकापर्यंत

डीएससीच्या, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या, आलेखावर टोकदार शिखर दिसलं, त्याचं तापमान वाचलं, भट्टी त्याच तापमानाला लावली आणि दोन तासांनी बाहेर आला तो वरून पांढरा, आतून पारदर्शक आणि मधोमध तडकलेला तुकडा. काच-सिरॅमिकवर (काच तापवून तिच्यात स्फटिक वाढवून केलेलं साहित्य) काम सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर असा एखादा तुकडा सापडतो. माझ्याकडेही आहे, पेपरवेट म्हणून.

अशा वेळी मोजमाप सहसा बरोबर असतं. घोळ होतो तो क्रमात. काचेला एकदा दिलेली उष्णता पुसली जात नाही. ओतताना ती किती वेगाने थंड झाली, अनीलिंगला (ताण काढण्यासाठी तापवून ठेवणं) किती वेळ बसली, मागच्या चाचणीत कुठवर तापली, या सगळ्याची खूण तिच्या रचनेत आणि तिच्यातल्या केंद्रकांच्या संख्येत राहते. केंद्रक म्हणजे स्फटिक जिथून वाढायला लागतो तो सूक्ष्म गाभा. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच नियम लागू आहे: एक तुकडा, एक प्रयोग. तापवलेला नमुना परत वापरायचा नाही.

उदाहरणासाठी लिथियम डायसिलिकेट घेतलं आहे. एक भाग लिथियम ऑक्साइड आणि दोन भाग सिलिका (मोलमध्ये), काच-संक्रमण तापमान (जिथे काच द्रवासारखी ढिली व्हायला लागते) म्हणजे टीजी सुमारे ४५५ अंश सेल्सिअस, द्रवांक सुमारे १०३४ अंश. बाहेरून काही न मिसळताही या काचेत आतल्या आत केंद्रकं तयार होतात, त्यामुळे हात बसवायला ती उत्तम. तुमची काच वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## १. बॅच आणि वितळ

१०० ग्रॅम काचेसाठी लिथियम कार्बोनेट ४९.२ ग्रॅम आणि सिलिका ८०.१ ग्रॅम लागते. बेरीज १२९.३ येते, वरचे २९.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. हा हिशेब विसरून कार्बोनेटऐवजी ऑक्साइडचं वजन घेण्याची चूक आजही होते. दोन्ही पावडरी वजन करण्याआधी ओव्हनमध्ये वाळवा. ओलसर पावडरीचं वजन म्हणजे पाण्याचंही वजन.

क्रूसिबल, म्हणजे वितळवायची मूस, प्लॅटिनमचं घ्या. लिथियमचा वितळ ॲल्युमिनाचं क्रूसिबल खातो आणि विरघळलेली ॲल्युमिना काचेत उतरून पुढचं सगळं चित्र बदलते. बॅच, म्हणजे पावडरींचं कच्चं मिश्रण, एकदम ओतू नका. कार्बोनेट ७२० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्या टप्प्यात फेस येतो, म्हणून थोडी थोडी भर घाला आणि ७०० ते ९०० अंशांमधून सावकाश न्या. नंतर १३५० ते १४५० अंशांवर दोनेक तास ठेवा. त्याहून लांबवलं तर पृष्ठभागावरून लिथियम उडायला लागतं.

ओतलेली काच फोडून पुन्हा एकदा वितळवा. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग एकाच बॅचमधल्या दोन तुकड्यांची शिखरं वेगळी का येतात म्हणून डोकं धरून बसतात.

तपासा: काचेचा तुकडा उजेडासमोर धरा. आत वळलेल्या रेघा दिसल्या, तर मिश्रण एकजीव झालेलं नाही. धुरकट ठिपके दिसले, तर ओतताना थंड होण्याचा वेग कमी पडला.

इशारा: ही पद्धत ऑक्साइड काचांची. फ्लोराइड काचा ओलाव्याला सोसत नाहीत, त्यांना कोरड्या ग्लव्हबॉक्समध्येच हाताळावं लागतं. सल्फर किंवा आर्सेनिक असलेल्या चॅल्कोजेनाइड काचा निर्वात करून सीलबंद केलेल्या सिलिका नळीत बनतात. तिथे तापमान घाईने चढवलं, तर बाष्पाच्या दाबाने नळी फुटते आणि आतला विषारी माल खोलीभर होतो.

## २. अनीलिंग: कमी आणि खाली

ओतलेल्या काचेतला ताण काढला नाही, तर ती कापताना फुटेल. ताण काढायला टीजीच्या आसपास ठेवावं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि साध्या काचांसाठी ते बरोबरच आहे. आपल्या काचेची गोम अशी की तिच्यात केंद्रकं सर्वांत वेगाने तयार होतात ती नेमकी टीजीच्या आसपास. म्हणजे ४५५ अंशांवर रात्रभर केलेलं निवांत अनीलिंग हे खरं तर केंद्रकीकरणच. सकाळी काच पारदर्शकच दिसते, कारण केंद्रकं डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून टीजीच्या २५-३० अंश खाली, अर्धा-पाऊण तास, आणि मग भट्टी बंद करून आपोआप थंड. ताण थोडा उरला तरी चालेल; क्रॉस केलेल्या पोलरायझरमधून पाहून कापण्याजोगा तुकडा निवडा. डीएससीसाठी तर अनीलिंगच नको. तेवढी काच ओतलेल्या अवस्थेतच बाजूला काढून ठेवा आणि डबीवर तसं लिहा.

## ३. फोडणं, चाळणं, डब्या भरणं

काच स्टीलच्या खलात फोडली, तर लोखंडाचे कण मिसळतात. चुंबक फिरवून काढा आणि बारीक करण्यासाठी ॲगेटचा खल वापरा. दोन आकारांचे कण हवेत: एक भरड, ४२५ ते ५०० मायक्रोमीटरच्या चाळण्यांमधला, आणि एक बारीक, ४५ मायक्रोमीटरखालचा. भरड कणांना चिकटलेली धूळ ॲसिटोनने धुऊन टाका. ती राहिली, तर भरड नमुन्यातही बारीक कणांचं वर्तन मिसळतं.

प्रत्येक डबीवर बॅच, ओतल्याची तारीख, अनीलिंग झालं की नाही आणि कणांचा आकार एवढं तरी लिहा. नुसतं "एलएस-२ नवीन" लिहिलेली डबी सहा महिन्यांनी काहीही सांगत नाही.

## ४. उपकरण आधी, नमुना नंतर

डीएससी तुमच्या तापमानपट्ट्यात आणि तुम्ही वापरणार असलेल्या वेगाने कॅलिब्रेट झालेलं हवं. फक्त इंडियमवर (१५६.६ अंश) केलेलं कॅलिब्रेशन ६५० अंशांबद्दल काही हमी देत नाही. झिंक ४१९.५ आणि ॲल्युमिनियम ६६०.३ हे दोन बिंदू आपल्या पट्ट्याला दोन्हीकडून धरतात.

पॅन प्लॅटिनमचं किंवा ॲल्युमिनाचं. ॲल्युमिनियमचं पॅन ६०० अंशांपलीकडे नेऊ नका. ते ६६० ला वितळतं आणि सेन्सर सोबत घेऊन जातं. आपल्या काचेचं शिखर ६०० ते ७०० च्या घरात येतं, तेव्हा हा मोह महागात पडतो.

रिकाम्या पॅनची आधाररेषा त्याच वेगाने, त्याच वायूच्या प्रवाहात घ्या. नमुना २० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एकमेकांशी ताडून पाहायच्या सर्व नमुन्यांचं वजन सारखं. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आलेखावर उष्णता सोडणारी क्रिया वर दाखवली आहे की खाली, याचा बाण छापा. वेगवेगळी उपकरणं वेगळा पायंडा पाळतात. उलटं वाचलेलं शिखर "वितळणं" म्हणून अहवालात गेलेलं मी पाहिलं आहे.

## ५. टीजी मोजणं

टीजी हा द्रवांकासारखा ठरलेला बिंदू नाही. चिकटपणा १० चा १२ वा घात पास्कल-सेकंद, याच्या आसपास काच द्रवासारखी ढिली व्हायला लागते, आणि तो टप्पा कुठे दिसेल हे तापवण्याच्या व आधीच्या थंड करण्याच्या वेगावर ठरतं. मिनिटाला १० अंशांनी मोजलेला आणि ५ अंशांनी मोजलेला टीजी काही अंशांनी वेगळा येणारच. डायलेटोमीटरचा (तापवताना नमुना किती वाढतो ते मोजणारं उपकरण) आकडा डीएससीशी तंतोतंत जुळला नाही, तरी त्यात काही बिघडलेलं नाही.

दरवेळी तुलना करता येईल असा टीजी हवा असेल, तर:

१. नमुना टीजीच्या ३० अंश वरपर्यंत न्या, तिथे थांबू नका.
२. मिनिटाला १० अंशांनी टीजीच्या १०० अंश खाली आणा.
३. पुन्हा मिनिटाला १० अंशांनी वर न्या. याच चढाईवरचा टीजी नोंदवा.
४. आलेखावर टीजीपाशी दिसणाऱ्या पायरीची सुरुवात वाचली की मध्यबिंदू, ते आकड्यासोबत लिहा.

पहिल्या चढाईत टीजीनंतर लगेच एक छोटा खळगा दिसू शकतो. हळू थंड झालेली किंवा अनील केलेली काच ढिली होताना जास्तीची उष्णता शोषते, त्याची ती खूण. नवखे लोक याला वितळण्याचं शिखर समजतात. वितळणं तिथून साडेपाचशे अंशांहून अधिक दूर आहे!

इशारा: या फेरीत नमुना केंद्रकीकरणाच्या पट्ट्यातून तीनदा जातो. त्याच धावेत पुढे ७५० अंशांपर्यंत नेऊन स्फटिकीभवनाचं शिखर वाचू नका. वेळ वाचल्यासारखं वाटतं, पण ते शिखर आता दुसऱ्याच काचेचं आहे. टीजीचा नमुना वेगळा, शिखराचा वेगळा.

## ६. पृष्ठभागावरून की आतून?

भट्टीचा विचार करण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवंच. सुरुवातीला सांगितलेल्या पेपरवेटची कहाणी हीच: त्या मिश्रणात स्फटिक फक्त पृष्ठभागावरून आत वाढत होते.

भरड आणि बारीक, दोन्ही नमुने एकाच वेगाने ७५० अंशांपर्यंत न्या आणि शिखराचं तापमान, टीपी, ताडून पाहा. बारीक नमुन्याचं शिखर बरंच खाली सरकलं, तर पृष्ठभागाचा हात मोठा आहे. कण बारीक म्हणजे पृष्ठभाग जास्त. दोन्ही शिखरं जवळजवळ तिथेच राहिली, तर काम मुख्यतः आतून चाललं आहे.

शिखराची ठेवणही बोलकी असते. उंच आणि अरुंद शिखर आतल्या स्फटिकीभवनाकडे बोट दाखवतं, बुटकं आणि पसरट शिखर पृष्ठभागाकडे. एवढ्यावरच निकाल देऊ नका, पण दोन्ही खुणा एकाच बाजूला असतील तर निर्धास्त व्हा.

लिथियम डायसिलिकेटमध्येही एक फसगत आहे. केंद्रकं न दिलेली, फार बारीक पूड घेतली, तर तिच्यात पृष्ठभागच पुढे निघतो. आतून स्फटिकणारी काच म्हणून तिची ख्याती असली, तरी तुमच्या पॅनमधले कण ती ख्याती पाळतीलच असं नाही.

उत्तर "पृष्ठभाग" आलं तर दोन वाटा: मिश्रणात केंद्रकं देणारा घटक घाला, जसं लिथियम-ॲल्युमिनो-सिलिकेट काचेत टायटॅनिया व झिर्कोनिया घालतात, किंवा काच पूड करून दाबून सिंटर करा, म्हणजे तापवून कण एकमेकांना जोडा. अखंड ठोकळा तापवत बसण्यात अर्थ नाही.

## ७. केंद्रकीकरणाचं तापमान शोधणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. सगळ्यांत जास्त घाईही इथेच होते.

कल्पना सरळ आहे. नमुन्यात आधीपासून जितकी जास्त केंद्रकं, तितकं स्फटिकीभवन लवकर उरकतं आणि शिखर खालच्या तापमानाला येतं. तेव्हा वेगवेगळ्या तापमानांवर सारखाच वेळ ठेवून, शिखर कुठे सर्वांत खाली येतं ते पाहायचं.

१. ओतलेल्या, भरड कणांच्या काचेचे नऊ नमुने घ्या, प्रत्येक सारख्या वजनाचा.
२. एक नमुना न थांबवता थेट ७५० अंशांपर्यंत न्या. हा तुलनेचा पाया.
३. उरलेले आठ नमुने ४२५ ते ४९५ अंशांदरम्यान १० अंशांच्या अंतराने निवडलेल्या तापमानांना न्या. प्रत्येकी एक तापमान, प्रत्येकी तेवढाच वेळ, समजा दोन तास.
४. थांबण्याची वेळ संपली की तिथूनच, त्याच वेगाने, शिखर पार होईपर्यंत वर न्या.
५. थांबण्याच्या तापमानासमोर १ भागिले टीपी (केल्विनमध्ये) आणि शिखराची उंची, असे दोन आलेख काढा.

दोन्ही वक्रांचा माथा जवळपास एकाच तापमानावर आला, तर ते केंद्रकीकरणाचं तुमचं तापमान. लिथियम डायसिलिकेटमध्ये तो ४५५ अंशांच्या आसपास येतो. तुमचा माथा ४९० ला आला, तर निष्कर्षाआधी थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तपासा.

कण भरडच हवेत. बारीक पुडीत पृष्ठभागावरचं स्फटिकीभवन इतकं पुढे असतं की आतल्या केंद्रकांचा परिणाम शिखरावर उमटतच नाही आणि वक्र सपाट येतो. "आमच्या काचेत केंद्रकीकरण होतच नाही" हा निष्कर्ष अनेकदा या सपाट वक्रातूनच आलेला असतो.

दुसरा सापळा वेळेचा. केंद्रकीकरण लगेच पूर्ण वेगाने सुरू होत नाही, आधी एक प्रतीक्षाकाळ जातो. तापमान टीजीच्या खाली जाईल तसा हा काळ झपाट्याने लांबतो. त्यामुळे अर्ध्या तासाच्या चाचण्यांमध्ये खालची तापमानं नाहक निकम्मी ठरतात. माथा सापडल्यावर त्याच्या १० अंश खाली आणखी एक नमुना दुप्पट वेळ ठेवून पाहा. उत्तर लक्षणीय बदललं, तर सगळी मालिका जास्त वेळेची करा.

उलट टोकही आहे. केंद्रकं एका मर्यादेपुढे वाढली की शिखर आणखी खाली सरकत नाही. चार तास आणि आठ तासांची शिखरं सारखी आली, तर भट्टीत चार तास पुरे.

तपासा: पायाच्या नमुन्याची चाचणी मालिकेच्या शेवटी, नव्या नमुन्यावर, पुन्हा घ्या. शिखर दोन-तीन अंशांहून अधिक हललं असेल, तर मधल्या काळात उपकरण सरकलं आहे.

## ८. सक्रियण ऊर्जा हवीच असेल तर

सक्रियण ऊर्जा म्हणजे स्फटिकीभवनाला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा. नुसतं वेळापत्रक बसवायचं असेल, तर ही पायरी वगळली तरी चालते. पण अहवालात आकडा मागतातच.

किसिंजरच्या पद्धतीत किमान चार वेग घ्या, उदाहरणार्थ मिनिटाला ५, १०, १५ आणि २० अंश. वेगाला टीपीच्या वर्गाने भागून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि तो १ भागिले टीपीसमोर मांडा. उताराला वायू-स्थिरांकाने गुणलं की ऊर्जा मिळते (उताराचं ऋण चिन्ह सोडून द्या).

टीपी केल्विनमध्ये. ९०० केल्विनऐवजी ६२७ अंश सेल्सिअस घातलं, तर सरळ रेषा तशीच छान येते आणि ऊर्जा मात्र जवळपास निम्मी निघते. रेषा सरळ आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

एक सोपी पारख देतो. टीपी ९०० केल्विनच्या आसपास आणि ऊर्जा मोलमागे २५० किलोज्यूल असेल, तर वेग दुप्पट केल्यावर शिखर साधारण १८ अंश वर सरकायला हवं. तुमचं शिखर चार-पाच अंशच सरकलं असेल, तर ऊर्जा हजाराच्या घरात निघेल, आणि ती बातमी नसून बहुधा चूक आहे.

हे गणित केंद्रकांची संख्या ठरलेली आहे असं धरून चालतं. तापवतानाच नवी केंद्रकं होत असतील, तर वेगानुसार त्यांची संख्या बदलते आणि साधं किसिंजर चुकीचं उत्तर देतं. उपाय तुमच्या हातात आहे: सातव्या पायरीतल्या तापमानावर पुरेसा वेळ ठेवलेलेच नमुने इथे वापरा. म्हणूनच ही पायरी सातव्यानंतर येते, आधी नाही. बहुतेक जण उलटं करतात.

## ९. भट्टीचं वेळापत्रक

सुरुवात लहान तुकड्याने करा, १० मिलिमीटरच्या आसपासच्या. स्फटिकीभवन उष्णता सोडतं. २० मिलिग्रॅमच्या पॅनमधून ती निघून जाते, पण जाड ठोकळ्याच्या पोटात साठते आणि आतलं तापमान भट्टीच्या आकड्यापेक्षा वर जातं.

१. मिनिटाला ५ अंशांनी ४५५ अंशांपर्यंत.
२. सातव्या पायरीत पुरेसा ठरलेला वेळ तिथे थांबा.
३. पुढे मिनिटाला २ ते ३ अंशांनी वर.
४. वाढीच्या तापमानावर एक-दोन तास.
५. मिनिटाला २ अंशांनी ३०० पर्यंत, मग भट्टी बंद.

वाढीचं तापमान म्हणजे टीपी नव्हे. केंद्रकं दिलेल्या नमुन्याचं शिखर जिथे उचलायला लागतं, तिथून सुरुवात करा. वेळ जास्त लागला तरी हरकत नाही. टीपीवर थेट नेलेला तुकडा स्फटिकांनी घट्ट होण्याआधीच मऊ होऊन बसतो, आणि वाढ एकदम झाली की आकसण्यामुळे तडकतो, कारण हा स्फटिक काचेपेक्षा दाट असतो. तिसऱ्या टप्प्यातला मंद वेग याचसाठी. काच मऊ पडत जाईल त्या गतीने स्फटिकांचा सांगाडा तिला धरत गेला पाहिजे.

तुकडा ॲल्युमिना पुडीच्या पातळ थरावर ठेवा, नाहीतर तो तळाला चिकटेल. वेगळं थर्मोकपल तुकड्याच्या शेजारी ठेवा. भट्टीचा पडदा दाखवतो ते भिंतीजवळचं तापमान. केंद्रकीकरणाचा पट्टा इतका अरुंद आहे की १५ अंशांची तफावत सगळी मेहनत पाण्यात घालते. आमच्या एका भट्टीत ती होती आणि आम्ही आठवडाभर मिश्रणालाच दोष देत होतो.

स्फटिक नको असणाऱ्यांनी, म्हणजे फायबर ओढणाऱ्यांनी, हेच आलेख उलटे वाचावेत. टीजी आणि स्फटिकीभवनाची सुरुवात यांत १०० अंशांहून जास्त अंतर असेल, तर सहसा काम करायला जागा मिळते. पण ते अंतर भरड कणांवर मोजा आणि वेग लिहा. मिनिटाला २० अंशांनी मोजलेलं ऐसपैस अंतर ओढण्याच्या संथ तापवणीत बरंच आकसतं.

## १०. झालं का, हे पाहणं

पांढरा रंग हा पुरावा नव्हे. काचेत दोन अस्फटिक द्रव वेगळे झाले तरी ती दुधी दिसते, आणि स्फटिक पुरेसे लहान असतील तर पूर्ण काच-सिरॅमिकही पारदर्शक राहतं.

एक्स-रे विवर्तन (एक्स-रे टाकून स्फटिक ओळखणं) दोनदा करा: एकदा तुकड्याच्या मूळ पृष्ठभागावर, एकदा अर्धा मिलिमीटर घासून काढल्यावर. पहिल्यात टोकदार रेषा आणि दुसऱ्यात नुसता पसरट उंचवटा (काचेची, स्फटिक नसल्याची खूण) आला, तर पेपरवेट तयार आहे. तांब्याच्या किरणांनी लिथियम डायसिलिकेटच्या मुख्य रेषा २४ ते २५ अंशांच्या (इथे तापमान नव्हे, २-थीटा कोन) दरम्यान दाटीवाटीने येतात. २७ अंशांजवळ ठळक रेषा दिसली, तर लिथियम मेटासिलिकेट शोधा. फॉस्फरस पेंटॉक्साइड घातलेल्या, दातांच्या क्राउनसाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्रणांत मेटासिलिकेट आधी येतं आणि ८०० अंशांपलीकडे त्याचं डायसिलिकेट होतं. तिथे ते अपयश नाही, अर्धी वाट आहे. रेषा न दिसणं म्हणजे स्फटिक नसणं, असंही नाही. टक्का-दोन टक्के स्फटिक उंचवट्यात सहज लपतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पॉलिश करून एचिंग करावं लागतं, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग किंचित खाववावा लागतो, आणि त्याला बहुधा सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. हे आम्ल एकट्याने हाताळू नका. सौम्य द्रावण त्वचेवर लगेच झोंबत नाही, तासांनी कळतं, तोवर ते आत पोचलेलं असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवूनच बाटली उघडा, आणि शिंतोडा उडालाच तर भरपूर पाण्याने धुऊन जेल लावा आणि दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जा. कापलेल्या काठावरून मध्यापर्यंत स्फटिकांचा आकार आणि दाटी सारखी दिसली, तर वेळापत्रक बसलं. काठाला दाट आणि मध्ये विरळ असेल, तर सहाव्या पायरीवर परत या, नव्या तुकड्याने.